पिशवी बघणारा कंडक्टर

बाळाराम कंडक्टर कुणाच्या घरी चहा पीत नसे. माझा त्याच्यावरचा पहिला संशय तिथूनच सुरू झाला. माणूस आपल्याकडे चहा पितो, दुसऱ्या दिवशी आपण त्याच्याकडे पितो, फिटंफाट होते. जो पीतच नाही, त्याला तुमच्या घरातून चहाहून मोठं काहीतरी न्यायचं असतं. मी चौथी शिकलेला. पण माणूस ओळखायला चौथी पुष्कळ, असं तेव्हा मला वाटायचं.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, कुडपणच्या अंगाला. दिवसातून दोन गाड्या. सकाळची खाली जाते, संध्याकाळची वर येते. बाळाराम आणि मी एका फळीवर बसून शिकलो. चौथीनंतर मी गुरांमागे गेलो, तो खाली शाळेत गेला आणि पुढे एसटीत लागला. उभा जन्म ह्याच डोंगरातल्या गाड्यांवर त्यानं तिकिटं फाडली. रिटायर झाला तेव्हा बायको वारलेली होती, एकुलती मुलगी पनवेलला दिलेली होती. आमच्याकडे म्हातारा एकटा पडला की मुंबईकडे जातो. हा वाडीत परत आला. उलटा आलेल्या माणसाला आमच्यात कुणी 'बरा आहेस ना' असं विचारत नाही. 'काय करून आला असेल' असं एकमेकांना विचारतात. मीही विचारलं.

दिसायला उंच, काटक, एका खांद्यानं उतरलेला. चामड्याची बॅग वागवून तो खांदा तसाच राहिला होता. पँट खाकी, कानावर पेन्सिल. उभा राहायचा तो पाय फाकवून, जणू आता आमच्या अंगणालाच वळण येणार आहे. ओट्यावर बस म्हटलं तर बसायचा नाही. "उभ्यानं बरं पडतं," म्हणायचा. आणि कुठेही चार माणसं जमली की त्याच्या तोंडून आपोआप निघायचं, "चला, पुढं सरका, पुढं जागा हाय." लग्नात म्हणायचा, रेशनच्या रांगेत म्हणायचा. एकदा मयताला वाट अडवून माणसं उभी होती तिथेही म्हणाला. माणसं मान खाली घालून हसली. तो हसला नाही. त्याच्या ते लक्षातही आलं नाही.

आल्यापासून महिनाभरात त्यानं एक खोड लावून घेतली. संध्याकाळची गाडी आली की थांब्यावर हजर. उतरणाऱ्याची पिशवी बघायची.

"शिरपत, पिशवी दाखव."

"का? तिकीट काढलंय मी."

"तिकीट नको. पिशवी."

माझ्या हातातून घेऊन त्यानं एकेक वस्तू थांब्याच्या कट्ट्यावर मांडली. दुधाच्या दोन पिशव्या, डझनभर अंडी, कोथिंबिरीची जुडी, चार लिंबं, एक केरसुणी.

"अंडी कुठली?"

"पोलादपूरची."

"पोलादपूरला कुठनं आली?"

"मला काय ठावं? कोंबडीला विचार."

"ती कोंबडी घाटावर हाय. तुझी कोंबडी काय करते?"

"फिरते."

बाकीचे हसले. बाळारामनं अंडी परत पिशवीत ठेवली, एकही फुटू न देता. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलला, "ह्याची आय टोपलीत तूस घालून अंडी खाली न्यायची, माझ्याच गाडीनं. आज हा त्याच गाडीनं अंडी वर आणतो. आणि वर तिकीट काढून."

मला राग आला. आईचं नाव काढलं म्हणून नाही, खरं बोलला म्हणून.

त्याचं म्हणणं एवढंच असायचं. ज्या वाडीची पिशवी खाली जाताना रिकामी आणि वर येताना भरलेली, ती वाडी थोड्या वर्षांनी माणसंही खालीच पाठवते. मग घरांना कुलपं लागतात. मग गाडीला पाशिंजर मिळत नाही. मग गाडीच बंद. हे त्यानं कुठल्या पुस्तकात वाचलेलं नव्हतं. गाडीत दोन सीटांच्या मधे उभं राहून बघितलेलं होतं. "मिळवायची जागा दोन," असं तो बोटं दाखवून सांगायचा. "एक खाली बाजारात, दुसरी आपल्या चुलीपाशी. परसात मिरची लावलीस तर ती बी कमाईच हाय रे, दिसत नाय एवढंच."

मी म्हणायचो, बरोबर आहे, पण ह्याला काय पडलंय? ह्याला पेन्शन आहे. आमच्या मिरचीनं ह्याचं काय शिजतंय?

त्या वर्षी अफवा उठली की पिवळी रेशनकार्डं तपासायला माणसं येणार. ज्याच्या घरी काही बरं दिसेल त्याचं कार्ड जाणार, स्वस्त धान्य बंद. आणि नेमका त्याच आठवड्यात बाळाराम वही घेऊन दारोदार फिरायला लागला. कोंबड्या किती, शेरडं किती, परसात काय लावलंय. आता तुम्हीच सांगा, कोण काय समजेल?

आमच्याकडे एक रीत आहे. वहीवाला माणूस दिसला की घर गरीब करायचं. मिक्सर चुलीमागे, नवी चादर माळ्यावर, नातीच्या कानातलं डब्यात. हे कुणी शिकवावं लागत नाही. मी आमच्या कोंबड्या धरल्या, कोंबडाही धरला, धान्याच्या रिकाम्या कणगीत टाकल्या आणि वर घोंगडी घातली. चैताचं ऊन, भर दुपार.

"कोंबड्या किती रे शिरपत?"

"कोंबड्या? कोल्हा ठेवतोय होय आमच्यात?"

"एक पण नाय?"

"औषधाला पीस नाय."

तेवढ्यात कणगीतून कोंबडा आरवला. बाळारामनं तिकडे बघितलंसुद्धा नाही. पेन्सिल कानावर ठेवली आणि म्हणाला, "तुझी कणगी बोलते वाटतं."

आमची ही आतून हात पुसत आली. यशोदा नाव तिचं. "अकरा हायत भावजी. ह्यांनी कोंडल्यात. अवो, काढा आधी, मरतील."

घोंगडी काढली तेव्हा चार गेल्या होत्या.

बाळाराम दारातच उभा होता. म्हणाला, "मी तिकीट तपासायला नव्हतो आलो रे. कुणाकडं काय जास्तीचं हाय, खाली काय नेता येईल, तेवढं बघत होतो." जाताना मागे वळला. "गरिबी दाखवायला चार कोंबड्या घालवल्यास. आता थोडी खरीच आली बघ."

मी त्याच्याशी महिनाभर बोललो नाही. आमची ही मात्र त्या दिवसापासून त्याच्या बाजूची झाली.

बायकांना गाडीला अर्धं तिकीट झालं होतं. बाळारामनं ते बरोबर हेरलं. "बाई अर्ध्या तिकिटात जाते, पिशवी पूर्णच भरते," असं म्हणत तो घरोघर गेला. त्याआधी दोन दिवस एकटा बिरवाडीच्या गल्ल्या फिरून आला होता. तिथे कारखान्यांतली पोरं खोल्या घेऊन राहतात, कुणी बायकोपोरांसकट. दारोदार जाऊन ह्यानं विचारलं, तुम्ही काय खाता, काय मिळत नाही? गावठी अंडी मिळत नाहीत. नाचणीचं पीठ मिळतं पण कसलं ते कळत नाही. पावसातली रानभाजी माहीत आहे, आणणारं कुणी नाही. झालं. आमच्या पाच-सहा बायका सकाळच्या गाडीनं आठवड्यातून दोनदा खाली जायला लागल्या.

आमच्या हिनं बाळारामच्या विरलेल्या दोन खाकी पँटी मागून घेतल्या आणि त्यांच्या दोन पिशव्या शिवल्या. तळाला दुहेरी शिवण, आत तूस भरून अंडी ठेवायला कप्पा. एक स्वतःला, एक त्याला. त्या पिशवीचे पैसे त्यानं तिच्या हातावर ठेवलेच. माझा संशय आणखी वाढला.

खरं सांगायचं तर तिला पैशाचं तेवढं नव्हतं. आमचा मुलगा विरारला. दरवेळी म्हणायचा, तुम्हा दोघांचं गॅस, औषध, बाजार मी इथून किती दिवस पाठवू? घर बंद करा आणि इकडे या. त्याचंही चुकत नव्हतं. पण हिला जायचं नव्हतं. लग्न होऊन ह्या ओट्यावर आली होती, तिला इथूनच जायचं होतं. बिरवाडीला जायला लागल्यापासून मुलाला ती फोनवर सांगायची, "काय पाठवू नको बाळा, आमचं भागतंय." ते वाक्य बोलताना ती उभी राहून बोलायची. आधी बसून बोलायची.

आणि ते मी मोडलं.

बाळाराम बायकांना बिरवाडी फाट्यावर उतरवून स्वतः पुढे महाडला जायचा. का जातो? मला चैन पडेना. एक दिवस मी त्याच गाडीत मागच्या सीटवर बसलो, तोंडावर टॉवेल घेऊन. गाडीची कंडक्टर पोरगी जवळ येऊन म्हणाली, "आजोबा, तुमच्या पुढच्या आजोबांनी सांगितलंय, टॉवेलवाल्यांचं हाफ तिकीट, वय मी सांगतो." बाळारामनं मला ओळखलं होतं. मागे बघितलं नाही, एवढंच.

महाडला तो एका किराणा दुकानात शिरला. तेलाचा मोठा डबा, चहा, मीठ, कपड्याचा साबण, सगळं एकदम घेतलं. तो माल वाडीतली सात-आठ घरं मिळून मागवायची आणि आपापसात वाटून घ्यायची, तेवढंच दर घराला स्वस्त पडायचं. हे मला माहीत होतं. पण निघताना दुकानदारानं हळूच एक पुडा त्याच्या हातात दिला आणि त्यानं तो खाकी पिशवीत तळाला घातला. सापडला, मी म्हटलं. इथे आहे ह्याचा चहा.

मी तेव्हा बोललो नाही. शिमग्याची वाट बघितली. शिमग्याला मुंबईची सगळी माणसं वाडीत असतात, देवळापुढे बैठक बसते. तिथे उभा राहून मी सांगितलं की बाळाराम कंडक्टर दुकानदाराकडून कमिशन खातो, माझ्या डोळ्यांनी बघितलं.

बाळाराम कडेला उभा होता, नेहमीसारखा. पुढे आला आणि खांद्यावरची पिशवी माझ्यासमोर धरली.

"शिरपत, मी तुमच्या पिशव्या बघतो. तू माझी बघ. आत्ता बघ, दर वेळी बघ."

मी हात पुढे केला नाही. लोकांना वाटलं, हा मोठा मनाचा. तसं नव्हतं. आत काही निघालं नाही तर मी तोंड कुठे लपवू, ही भीती होती. न बघितलेल्या पिशवीत काहीही असू शकतं, तेच मला सोयीचं होतं.

तो म्हणाला, "बघत नाय तर राहूदे," आणि गेला.

मुंबईवाले आपापल्या बायकांना सांगून गेले, कंडक्टरच्या नादी लागायचं नाही. एकत्र माल आणणं बंद पडलं. मी पण घरात सांगितलं, उद्यापासून गाडीला जायचं नाही. तिनं खाकी पिशवी खुंटीला अडकवली. भांडली असती तर बरं झालं असतं.

पुढचा पावसाळा ओढगस्तीत गेला. तिच्या छातीत दुखायला लागलं, औषधं सुरू झाली, मुलाला फोन गेला. आता ती पुन्हा बसून बोलत होती. गणपतीला मुलगा आला तो आम्हाला घेऊनच गेला. निघताना तिनं नऊ कोंबड्या डालग्यात घालून बाळारामच्या अंगणात नेऊन ठेवल्या. मी लांब उभा होतो.

विरारची खोली चौथ्या मजल्यावर. ती खिडकीशी बसायची. जेवण निम्म्यावर आलं. एकदा म्हणाली, "इथं सगळं वरच येतं. खाली कायच जात नाय."

मी म्हटलं, "जातो ना कचरा."

ती हसली नाही. खिडकीकडेच बघत म्हणाली, "तो पुडा साखरेचा होता. एवढा माल घेतला म्हणून दुकानदारानं वरती दिलेला. भावजींनी त्याच संध्याकाळी सगळ्या घरांना वाटला. तुमच्या चहात घातलेली मी."

"मग देवळापुढं का नाय बोललीस?"

"तुम्ही चारचौघात उभं होतात. तुम्हाला खाली बसवू?"

मी तो चहा प्यायलो होतो. चांगला लागला होता, तेही आठवलं.

फाल्गुनात बाळारामचा फोन आला. माझ्याशी नाही, तिच्याशी बोलला. "वैनी, ओट्यावर गवत आलंय. कोंबड्या एकोणीस झाल्यात, मला आवरत नायत. घेऊन जावा नायतर मी कोल्हा बोलवतो." फोन ठेवून ती उठली आणि कपड्यांच्या घड्या घालायला लागली. मुलानं कपाळाला हात लावला. मी काही बोललो नाही. आयुष्यात एवढं एक काम मी बरोबर केलं.

संध्याकाळच्या गाडीनं आम्ही उतरलो. बाळाराम थांब्यावर होताच. आमच्याकडे मुंबईच्या तीन पिशव्या, गच्च. मी वाट बघत होतो, आता सगळं कट्ट्यावर मांडतो. तो म्हणाला, "वैनी, तुमची आज बघत नाय." माझ्याकडे वळून म्हणाला, "तुझी उद्या."

मला वाटलं होतं काहीतरी बोलेल. देवळापुढचं काढेल. माणूस काढत नाही म्हणजे साठवून ठेवतो, असा माझा अनुभव. मी कितीतरी दिवस वाट बघितली. त्यानं काढलंच नाही.

ती पुन्हा बिरवाडीला जायला लागली. हळूहळू बाकीच्याही निघाल्या, तेलाचा डबा पुन्हा येऊ लागला. माल आला की बाळाराम मला हाक मारायचा, "शिरपत, वाटायला उभा राहा, तुझी नजर बारीक हाय." टोमणा होता की काय, अजून कळलेलं नाही.

वर्ष गेलं. मार्गशीर्षात एका दुपारी ती अंडी पुसत ओट्यावर बसली होती. मला म्हणाली, "जरा पाठ टेकते." टेकली ती टेकली. तिच्या मनासारखं झालं, सगळे म्हणाले. माझ्या मनाचं कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलंही नसतं.

तेरावं झालं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बाळाराम अंगणात. "अंडी किती?"

"बघितली नायत."

"बघ."

रोज यायचा. बसायचा नाही, समजूत घालायचा नाही. अंडी किती, एवढंच. मला वाटायचं, ह्याला अंड्यांची पडलीय, माझी बायको गेलीय. असं म्हणत म्हणत मी रोज खुराड्यात वाकायला लागलो, कोंबड्यांना दाणे टाकायला लागलो, आणि एक दिवस खुंटीवरची पिशवी काढून तिच्या जागी बिरवाडीला गेलो. एका खोलीतली बाई म्हणाली, "मावशी नाही आल्या?" मी म्हटलं, "मी हाय आता." तिनं अंडी घेतली. एक उन्हाकडे धरून बघितलं. मी रागावलो नाही. बघावं माणसानं.

पुढे बाळारामच्या पोटात काहीतरी निघालं. पनवेलची मुलगी न्यायला आली. गेल्या महिन्यात तिचाच फोन होता, बाबा गेले. तो जाताना मी काही बघितलेला नाही. मी बघितला तो एवढाच.

सकाळची गाडी उभी होती. खाकी पँट त्याला ढगळ झालेली, दोरीनं बांधलेली. खांद्यावर तीच पिशवी. मी दाराशी आडवा उभा राहिलो.

"बाळाराम, पिशवी दाखव."

त्याची मुलगी म्हणाली, "काका, अहो गाडी सुटेल."

त्यानं पिशवी खांद्यावरून काढली आणि मला दिली. स्वतः दाराच्या दांड्याला धरून उभा राहिला. मी थांब्याच्या कट्ट्यावर एकेक वस्तू मांडली. नाचणीच्या पिठाची पुरचुंडी. परसातल्या मिरच्या, देठासकट. आमसुलं. कप्प्यात तुसामधे अंडी. बरीचशी माझ्याच कोंबड्यांची, आदल्या दिवशी पैसे देऊन नेलेली. रिकाम्या पिशवीनं तो खाली जाणार नव्हता. मग मी आत हात घातला, कोपरापर्यंत. तिची दुहेरी शिवण बोटांना लागली. दोन्ही कोपरे चाचपले.

तळाला काही नव्हतं. तूस होतं थोडं.

मी सगळं परत भरलं, एकही अंडं फुटू न देता. पिशवी त्याच्या खांद्याला लावली.

"झालं बघून?"

"झालं."

"लय उशीर केलास रे," तो म्हणाला आणि वर चढला.

गाडीत चारच माणसं होती. कंडक्टर पोरगी म्हणाली, "बसून घ्या आजोबा, सगळ्या सीट रिकाम्या आहेत." तो बसला नाही. दाराशेजारी पाय फाकवून उभा राहिला, मुलगी शर्ट धरून ओढत होती तरी. दोनदा घंटी झाली. मी थांब्यावरून बघत होतो. देवळाखालचं वळण अजून आलं नव्हतं, गाडी सरळच होती, आणि तो आधीच वळणाकडे कलला.